एक पट्टी खाली

सध्या बोईसर-पालघरच्या हळदींमध्ये, रिक्षांमध्ये आणि स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांमध्ये जी बाई कोळीगीतं गाताना ऐकू येते, ती बाई या जगात कधी जन्मलीच नाही. तिचा आवाज जाड आहे, किंचित खरखरीत आहे, आणि लोक त्याला 'दर्दभरा' म्हणतात. ती बाई मी तयार केली. घरी, गादीच्या कडेला बसून, लुंगीवर. आता ती माझ्या हातात राहिलेली नाही. मला तिचा राग येतो, तिच्यासाठी माना डोलावणाऱ्यांचा येतो, आणि स्वतःचा तर इतका येतो की दाढी करताना मी आरशात नीट बघत नाही. त्यामुळे हनुवटीखाली चार केस राहतात आणि बायको म्हणते, निदान हे तरी साफ करा.

साफ करणं हा माझा छंद. मी मूळचा सांगलीकडचा, पण नोकरी सगळी बोईसरच्या एमआयडीसीत झाली. रसायनांच्या कारखान्यात मी दाब आणि तापमान दाखवणारी यंत्रं तपासतो. काटा खरं बोलतोय की खोटं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तुम्हाला हसायला उपयोगी पडेल.

किनाऱ्यावरच्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी जमवणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. डहाणूपासून दातिवऱ्यापर्यंत होळीला, हळदीला, जत्रेला जे ऑर्केस्ट्रे व्हायचे, त्यांची रेकॉर्डिंगं कुठल्या दुकानात कधी विकायला आली नाहीत. कुणीतरी स्टेजखाली टेपरेकॉर्डर सरकवलेला असायचा, नाहीतर साउंडवाल्याला चहा पाजून त्याच्या मिक्सरमधून वायर काढलेली असायची. परवानगी वगैरे प्रकार नव्हता. अशी चोरटी कॅसेट मिळवायची, कॉम्प्युटरवर उतरवायची, तिची खरखर काढायची आणि ग्रुपवर सगळ्यांना फुकट वाटायची. ऐकायला हे साधुसंतांचं काम वाटतं. प्रत्यक्षात ग्रुपवर जितका माज चालतो तितका आमच्या कारखान्यातल्या युनियनच्या निवडणुकीतही चालत नाही. कुणाकडे मूळ कॅसेट आहे, कुणाकडे कॉपीची कॉपी आहे, यावरून वयस्कर माणसं एकमेकांना ब्लॉक करतात.

या ग्रुपमध्ये एक दंतकथा होती, नवापूरच्या एका गाणाऱ्या बाईची. मच्छीमार घरातली. काही वर्षं ऑर्केस्ट्रात गायली, मग थांबली. तिची एकही कॅसेट बाजारात आली नाही. आमच्याकडे तिची फक्त तुकडेतुकडे रेकॉर्डिंगं होती, तीसुद्धा अशी की बाईपेक्षा भांडी जास्त ऐकू यायची. अ‍ॅडमिन मुंबईत राहतो. केळव्याला दोन शनिवार-रविवार काढल्यापासून तो स्वतःला किनाऱ्याचा जाणकार समजतो. त्याने लिहून ठेवलं होतं की या बाईचं पूर्ण रेकॉर्डिंग जो आणेल त्याला आम्ही डोक्यावर घेऊ.

ते मला मिळालं भंगारवाल्याकडे. मी पंख्याचा कंडेन्सर शोधत होतो आणि हा माणूस कॅसेटींची पिशवी फोडून पत्रा वेगळा, प्लास्टिक वेगळं करत बसला होता. कुठल्यातरी बंद पडलेल्या साउंडवाल्याच्या दुकानातला माल. मी एक कॅसेट उचलली. वर बॉलपेनने 'नवापूर होळी' एवढंच. मी जागेवरच खाली बसलो. भंगारवाला म्हणाला, "साहब, चक्कर आया क्या?"

घरी येऊन कॅसेट लावली आणि बाई सुरू झाली. आवाज उंच, टोकदार, सुरीसारखा. दुसऱ्या कडव्यात ती अशा ठिकाणी चढली की मी हातातला कप खाली ठेवला. आणि तिथेच माझ्यातला यंत्रं तपासणारा जागा झाला. मला वाटलं, इतकं वर कोण गातं? टेप जलद चाललीय.

असं होतं. रेकॉर्ड करणारं यंत्र मंद चाललं असेल तर नंतर वाजवताना गाणं जलद आणि उंच ऐकू येतं. ते ओळखायची एक पक्की युक्ती आहे आणि ती आमच्या ग्रुपमध्ये मीच आणली होती, त्यामुळे तिच्यावर माझं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं. आपल्या तारांमधून येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. साउंड सिस्टिम चांगली नसेल तर गाण्याच्या मागे त्याची बारीक घरघर उमटते. टेपवरची घरघर मोजायची. ती पन्नासच्या वर भरली तर टेप जलद आहे, पन्नासवर आणून सोडायची. वीज खोटं बोलत नाही, असं मी ग्रुपवर लिहायचो. एकदा तर असंही लिहिलं होतं की मी अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी राहतो, मला वीज शिकवू नका.

घरघर मोजली. चोपन्नच्या आसपास भरली. मी मांडीवर थाप मारली आणि अख्खं रेकॉर्डिंग खाली ओढून पन्नासवर बसवलं. बाईचा आवाज एका पट्टीहून थोडा जास्तच उतरला. जाड झाला, थकल्यासारखा झाला. मला तो फार अनुभवी वाटला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, मघाशी बाई गात होती ती बरी होती, आता तिला ताप आलाय. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

इथपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी सुरुवातीला स्वतःच्या आवाजात एक निवेदन जोडलं. "नमस्कार रसिकहो, बोईसरहून सादर करीत आहे, शास्त्रीय पद्धतीने वेग दुरुस्त केलेलं दुर्मीळ रेकॉर्डिंग." रेडिओवरच्या माणसासारखा घसा बसवून. हे निवेदन मी अनेकदा रेकॉर्ड केलं. मधे कुकरची शिट्टी आली, मग शेजाऱ्याचा कुत्रा आला.

ग्रुप वेडा झाला. अ‍ॅडमिनने लांबलचक लेख लिहिला, त्यात 'समुद्राच्या तळातून आलेला स्वर' असे शब्द होते. एका यूट्यूब चॅनलने ते उचललं, मागे लाटांचं चित्र लावलं. डीजेवाल्यांनी त्याखाली ढोल टाकले. मी दिवसातून कितीतरी वेळा बघणाऱ्यांचा आकडा बघत होतो आणि कंट्रोल रूममध्ये विनाकारण गोड बोलत होतो.

मग एका मुलीचा फोन आला. म्हणाली, मी त्या बाईंची नात. आजीने बोलावलंय, लवकर या.

मला वाटलं, आता कृतज्ञतेने डोळे पुसणार. मी बोईसरच्या बाजारातून शाल आणि नारळ घेतला. होय, सत्कार करायला गेलो मी. इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटरच्या डिकीत नारळ ठेवून, नवापूरला. वाटेत भाषणाची दोन वाक्यंही तयार केली.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. पुढे बांबूच्या दांडीवर बोंबील वाळत होते. सत्तरीच्या, हाडापेराने मोठ्या, आणि आवाज म्हणावा तर घशातून नुसती हवा यायची. ऑपरेशन झालं होतं, असं नातीने सांगितलं. मी वाकून नमस्कार केला आणि शाल काढली. बाईंनी शालीकडे पाहिलंसुद्धा नाही. नातीला हात केला. नातीने मोबाइल लावला. माझं 'नमस्कार रसिकहो' अंगणभर पसरलं, मग गाणं.

"हा बोलतो तो तू?" बाईंनी विचारलं.

"हो, मावशी."

"आनि ही कोन?"

मी हसलो. म्हटलं, मावशी, या तुम्हीच. बाईंनी मान हलवली. "मी नाय ही. ही कोन भिकारीन बसवली हायस माज्या गान्यात?"

मी समजवायला लागलो. आणि काय समजवत होतो तर वेग, घरघर, पन्नास. जिने गाणं गायलं त्या बाईला मी सांगत होतो की तिने ते कसं गायलं. आठवलं की अजून कान गरम होतात. बाईंनी मला बोलू दिलं, मग सांगू लागल्या. आवाज नव्हता म्हणून मला पुढे सरकून ऐकावं लागलं, आणि शिव्या जवळून खाव्या लागल्या.

त्यांच्या गाण्याची कॅसेट काढायला मुंबईहून कंपनीचा एक माणूस आला होता. सगळं ठरलं होतं. स्टुडिओत गेल्यावर तो म्हणाला, बाई, आवाज फार चढतो, कानाला टोचतो, एक पट्टी खाली घ्या. या म्हणाल्या, खाली माझं गाणं नाही. तो म्हणाला, मग कॅसेट नाही. या चपला घालून निघाल्या. घरच्यांनी समजावलं, ऑर्केस्ट्रावाल्याने हात जोडले, की काय बिघडतं एका पट्टीने. बाई परत गेल्या नाहीत. म्हणून बाजारात त्यांचं काही नाही. ही आमच्या ग्रुपची दंतकथा.

"त्याला नाय दिला तो आवाज तू घेतलास," बाई म्हणाल्या. "तो निदान इचारत तरी होता."

मी अजूनही मानत नव्हतो, हे मला लिहायलाच हवं. मी म्हटलं, पण मावशी, विजेची घरघर तर खोटी नसते. बाई भडकल्या. त्या म्हणाल्या, कसली वीज? भारनियमनाचे दिवस, होळीच्या कार्यक्रमाला वीज कुठली असायला? जनरेटर होता, त्यांच्या पाठीमागेच लावलेला, त्याचा धूर खात त्या गायल्या. हॅलोजन झगझगीत दिसावेत म्हणून पोरं तो जनरेटर पळवत होती आणि त्याच्या आवाजावर मात करायला त्यांना आणखी ताकद लावावी लागली.

मी नारळ मांडीवर घेऊन बसलो. जनरेटर पळवला की त्याची वीजही पळते. त्याची घरघर पन्नासची नसते, चोपन्नचीही असू शकते. म्हणजे टेप बरोबर होती. कॅसेट डेकमध्ये घालून मी नुसता हात बांधून बसलो असतो तरी काम अचूक झालं असतं. अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या शहाण्याला हे सुचलं नाही की शेजारच्या गावात त्या दिवशी वीज नसेल. आपण सगळेच या केंद्राचे दिवे लांबून बघतो आणि गावात कार्यक्रम म्हटलं की जनरेटर ठरवतो, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मी स्वतः आमच्या कॉलनीच्या गणपतीचा जनरेटर ठरवलेला आहे.

आमच्या ग्रुपचा एक नियम चांगला आहे, की हात न लावलेली मूळ फाइल कधी पुसायची नाही. ती माझ्या मोबाइलमध्ये होती. मी ती लावली. बाई ऐकत राहिल्या. त्या चढणाऱ्या जागेवर त्यांची हनुवटी आपोआप वर गेली आणि मानेवरचा ऑपरेशनचा व्रण ताणला गेला. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "हां. ही मी."

मग मला काम सांगितलं. नातीची हळद जवळ आली होती. हळदीला आजीने गायचं ही त्यांच्या घरची रीत, आणि गळा तर गेला. "हळदीला ही वाजली पायजे. ती दुसरी मरू दे." शाल त्यांनी ठेवून घेतली. नारळ नातीने आत नेला, बहुतेक कालवणात गेला.

मी घरी आलो आणि ग्रुपवर लिहिलं की चूक झाली, जुनी फाइल काढून टाका, ही घ्या खरी. मला वाटलं, दोन शिव्या पडतील आणि प्रकरण मिटेल. शिव्या पडल्या असत्या तर मी आज इतका चिडलो नसतो. पहिलं उत्तर आलं, हे एआयने केलेलं दिसतंय. दुसरं, आवाज प्लास्टिकचा वाटतो. तिसऱ्याने तर कुठल्यातरी अ‍ॅपमध्ये घालून तपासलं आणि निकाल दिला की माणसाचा गळा इतका वर जात नाही. मी जनरेटर समजावला. लोकांनी माझीच जुनी वाक्यं शोधून माझ्या तोंडावर मारली. वीज खोटं बोलत नाही, असं आपणच म्हणाला होता ना साहेब?

मग मी बाईंचा निरोप रेकॉर्ड करून आणला. त्यांनी त्या फुटलेल्या गळ्याने सरळ सांगितलं की जी खाली गाते ती मी नाही. अ‍ॅडमिनने मला फोन केला. फार प्रेमाने बोलला, त्यामुळे जास्त संताप आला. म्हणाला, "वयामुळे होतं असं. गायकाला स्वतःचा आवाज बाहेरून कळत नाही. रसिकाला कळतो."

मी कंपनीत कंप्रेसरच्या आवाजात ओरडतो तसा ओरडलो. ज्या बाईने एका पट्टीसाठी कॅसेट सोडली तिला तिची पट्टी तुम्ही शिकवणार? केळव्याच्या हॉटेलात बसून? तो म्हणाला, तुम्ही भावनिक झाला आहात. संध्याकाळी मी ग्रुपच्या बाहेर होतो. यूट्यूबच्या चॅनलला लिहिलं, तर उत्तर आलं की मालकीचा पुरावा द्या. पुरावा कुठून देणार? कॅसेट चोरटी, मी भंगारातून आणलेली, आणि बाईंकडे पुरावा म्हणून एक गळा होता तो डॉक्टरने उघडून परत शिवलेला. चोरीच्या मालाचा चॅनलवाला मालक झाला आणि गाणारी पुराव्याअभावी बाद झाली. रसिक, संग्राहक, जाणकार असे जे शब्द आम्ही एकमेकांना लावत होतो ते मी आता लावत नाही. आम्हाला गाणं नको होतं, आम्हाला आमची फाइल हवी होती. आणि अशा लोकांच्या ढिगात मी सगळ्यात वर बसलेलो होतो.

मग मी माझं 'नमस्कार रसिकहो' कापलं आणि त्या जागी बाईंचा निरोप लावला. पेनड्राइव्हवर घालून हळदीच्या दिवशी दुपारीच नवापूरला पोचलो. डीजेवाला चाळिशीचा, गळ्यात चेन, शांत माणूस. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हळद उडू नये म्हणून एक कापड घातलं होतं. बघतो तर माझी शाल.

मी पेनड्राइव्ह दिला. त्याने खिशात टाकला, म्हणाला, टेन्शन घेऊ नका काका. मग उन्हं उतरली, नातीला पाटावर बसवलं, बायका जमल्या, आणि भल्यामोठ्या स्पीकरमधून माझा आवाज आला. "नमस्कार रसिकहो, बोईसरहून सादर करीत आहे..." याने मोबाइलमधली जुनीच फाइल लावली होती. सगळं अंगण ते निवेदन माझ्याइतकंच तोंडपाठ म्हणत होतं, काही पोरं तर घसा बसवून. मग ती जाड आवाजाची बाई सुरू झाली आणि सगळे नाचायला उठले.

आजी खुर्चीवरून उठल्या. चालत डीजेपर्यंत गेल्या आणि वायर ओढली. गाणं तुटलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि त्या हवेच्या आवाजात जेवढं जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "हाच तो. माजा आवाज यानीच पाडला."

कुणीतरी हसलं. एका बाईने येऊन माझ्या इस्त्रीच्या शर्टावर दोन्ही हातांनी हळद फासली, मान म्हणून की शिक्षा म्हणून ते कळलं नाही. मी उभा राहिलो. डीजेवाल्याने वायर जोडून पेनड्राइव्ह लावला.

आधी बाईंचा निरोप, मग घरघर, मग ते गाणं. बायकांनी सवयीने सूर धरला, पण त्यांचा सूर खाली आणि स्पीकरमधली बाई वर. दोन ओळींत सगळं फाटलं. बायका एकमेकींकडे बघत थांबल्या. नाचणारे थांबले. एक एक जण आईस्क्रीमच्या टेबलाकडे सरकला. पाटापुढची जागा रिकामी झाली. डीजेवाला आजींच्या कानाशी वाकला, "आजी, लोक उठतात. ती दुसरी लावू?"

"उटूं दे," आजी म्हणाल्या. "वाढव."

त्याने वाढवलं. आजी स्पीकरच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. ती चढणारी जागा आली, आणि पाटावर बसलेल्या, हळदीने माखलेल्या नातीने तिच्याबरोबर तोंड उघडलं. ती अर्ध्यापर्यंत पोचली, आवाज चिरला आणि हसू फुटलं. आजी हसल्या नाहीत. गाणं संपेपर्यंत थांबल्या, मग डीजेवाल्याकडे न बघता बोट फिरवलं, पुन्हा सुरुवातीपासून. आणि नातीला म्हणाल्या, "खाली नको येऊस. चिरू दे, पन खाली नको येऊस."

मी आईस्क्रीमच्या टेबलापाशी उभा होतो. शेजारचा एक पाहुणा कपातलं आईस्क्रीम खरवडत मला सांगत होता, की हे काही खरं नाही, ओरिजिनलमध्ये बाईचा आवाज फार दर्दभरा आहे, मी तुम्हाला पाठवतो, तुमचा नंबर द्या.